जोडीचे कोंब

बस ज्योती, दिवा इकडे ओढून घे. लाइटचा भरवसा नाही आणि मला आता उठायचंही त्राण नाही. शेजारच्या मळ्यातून तुला मुद्दाम बोलावून घेतलं, कारण फाटकापाशी गाडी थांबल्याचा आवाज मला एकटीनं ऐकायचा नाही. आमचे हितेंद्र यायचे आहेत. तोवर सांगते.

आमच्या घरचं वेड तुला माहीतच आहे. अख्खं सावदा केळी लावतं आणि आमचे हे डोंगर पालथे घालून बांबूची मुळं आणतात. कुठल्या कड्यावर भरीव बांबू आहे, कुठल्या दरीत काटेरी, सगळं तोंडपाठ. आणायचं यांनी, जगवायचं मी. ठिबकच्या नळ्या साफ करता करता माझे गुडघे गेले. पण माणसाला दुसरं व्यसन नाही, असं मी म्हणायचे आणि पुढची नळी उचलायचे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात गेलो होतो. स्मशानाच्या वाटेवर एक बेट होतं. निळसर काळे बांबू, कांड्यांवर पांढरी पूड. नवल म्हणजे प्रत्येक बांबू एकटा, दुसऱ्यापासून फटकून उभा. हे तर बघून हरखलेच. अशी जात कुठल्याच रोपवाटिकेत नाही, म्हणाले. बेट ज्यांच्या बांधावर होतं त्या भिकुबाई आधी नाहीच म्हणत होत्या. यांनी फार गळ घातली तेव्हा कुदळ दिली.

"लई जा भाऊ," त्या म्हणाल्या, "पन ध्यानमा ठेव. दोन कोंब संगे उनात तं एक मोडी टाकजो. जोडी ऱ्हावू देवानी नही. आमना बठ्ठा गाव तेच करस."

"का हो अक्का?" मी विचारलं.

"जोडीवर मानूस जास, माय."

त्यांनी आपला फोन नंबरही दिला, आणि तो माझ्याजवळ, यांच्याजवळ नाही.

येताना आम्ही नरडाण्याला थांबलो. ललित हा यांचा मित्र, त्यालाही झाडांचा नाद. मुळाचा निम्मा तुकडा त्याला दिला. "वेगळं लावलं तरी झाड एकच असतं बरं का," हे त्याला सांगत होते. "एका मुळाचे दहा तुकडे दहा गावांत लाव. फुलोरा आला की दहाही ठिकाणी एकदमच येतो." भिकुबाईंचं बोलणं मी मध्येच काढलं, तर दोघंही हसले.

पावसात आमच्या तुकड्याला दोन कोंब आले. जोडीनं. रोज दोघांची वाढ सारखी, बोटाचाही फरक नाही. मी म्हटलं, एक काढून टाकू. केळीच्या बुडाशी फुटलेले पील कापत लहानाची मोठी झाले मी, एक ठेवून बाकीचे छाटायचे हे आमच्या हातातच असतं. हे चिडले. "हा बांबू आहे चारुलता. केळीवाल्यांची अक्कल इथं चालवू नकोस."

मग तो वास सुरू झाला. दिवस कलला की त्या कोपऱ्यात गोवरीचा धूर यायचा. आसपास कुणाची चूल नाही, शेकोटी नाही. वारा सुटला की बाकीची सगळी बेटं करकरायची. हे दोन कोंब गप्प असायचे. पाणी द्यायला गेले की मी नाकाला पदर लावायचे आणि पटकन परत फिरायचे.

आणि एक दिवस दोघांची वाढ थांबली. पान नाही, फांदी नाही, शेंडे बोथट. यांना आनंद झाला. "बुटकी जात निघाली बघ. मध्ये उभा राहतो, फोटो काढ."

फोटो काढला आणि तो पुन्हा निरखून पाहिला. दोन्ही कोंब यांच्या डोक्याच्या वर हातभर होते. सासरे गेले तेव्हा ओट्याच्या कोपऱ्यातून मी पाहिलं होतं. भावकीतली माणसं तिरडीचे बांबू तोडत होती आणि एक जण सांगत होता, उंचीपेक्षा हातभर जास्त ठेवा, दोन्ही सारखे.

मी भिकुबाईंना फोन लावला. त्यांनी पुढं काही ऐकूनच घेतलं नाही. "दिवस बुडाना पहिले एक काप," एवढंच म्हणाल्या.

मी विळा घेतला आणि कापला. वरचा पापुद्रा सुटून आला. आत वीतवीतभर अंतरावर आडवे वळ होते, सुतळी आवळून बांधावी तसे. बांबू घरी जाळत नाहीत, म्हणून तुकडे करून नदीत सोडले.

हे ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बांधावर बसून रडले. "तू सुद्धा?" एवढंच म्हणाले. तेव्हापासून आमचं बोलणं तुटलं. ताट वाढायचं, ताट उचलायचं. पण माणूस डोळ्यांसमोर हिंडत होता, मला तेवढं पुरे होतं. राग काय, उतरला असता कधीतरी.

आज सकाळी ललितचा फोन आला. त्याच्याकडे कोंब आला होता. एकच. पुरुषभर वाढला आणि थांबला. कित्येक दिवसांनी हे माझ्याशी हसून बोलले. "चारू, आपला एकटा पडलाय. तो मुळासकट आणतो, शेजारी लावतो. दोघं जगतील."

ज्योती, हे बोलले याचंच मला इतकं सुख झालं की मी डबा भरून दिला आणि हात हलवला. दुपारी पाठ टेकली तेव्हा डोक्यात उजेड पडला. एक तिथं, एक इथं. झाड एकच.

फोन लावला, उचलेनात. दीर अभिमन, त्याला मोटारसायकलवर यावलच्या रस्त्याला पिटाळलं आणि मी विळा घेऊन मळ्यात गेले. उरलेला कोंब कापायला.

तो तिथं नव्हता. जमिनीलगत साफ कापलेला. मी बुंध्याला बोट लावलं, तर काप कोरडा होता, जुन्या बांबूचा असतो तसा. सकाळी याच कोंबाला मी पाणी दिलं होतं. गोवरीचा धूर इतका दाट की डोळ्यांना पाणी आलं.

तेवढ्यात यांचाच फोन आला.

"यावल सोडलं," हे म्हणाले. आवाज झोपाळलेला. "माझा राग गेला चारू. तू आपला कोंब पाठवलास ना?"

"मी... कुणाबरोबर?"

"चौघं उभे होते रस्त्यात. म्हणाले, बाईंनी दिलाय. ओळखीचे नाहीत, पण भली माणसं आहेत. अनवाणी आलेत बिचारे. दोन्ही टपावर त्यांनीच बांधले, सुतळीनं, आवळून..."

"अहो, गाडी थांबवा. आधी थांबवा."

"मी कुठं चालवतोय..." हे म्हणाले. "फार दमलो होतो गं. म्हणाले, तुम्ही आडवे व्हा, आम्ही नेतो."

मग फोन बंद झाला. तो बंदच आहे. अभिमन यावलपर्यंत जाऊन आला, म्हणतो, वहिनी, रस्त्यात आपली गाडी कुठंच नाही. तो पुन्हा गेलाय.

मी पण थकले आता. तू सारखी पदर नाकाला का लावतेस ज्योती? आमच्याकडे गॅस आहे, गोवऱ्या नाहीत.

थांब. ते बघ, केळीच्या पानांवर उजेड पडला. आपलीच गाडी आहे. रस्ता तर मोकळा आहे, मग एवढी हळू का येतेय... माणसाच्या चालीनं.