लेण्यातली उजळणी

कडावच्या छायाने पंचेचाळिसाव्या वर्षी कलेतिहास आणि पुरातत्त्वाच्या एम.ए.ला नाव घातलं, तेव्हा तिच्या सासूने, चंद्राबाईंनी, एवढंच विचारलं, "मंग म्हशींचं काय?"

म्हशींचं सगळं आवरून, डेअरीत दूध घालून छाया अभ्यासाला बसायची. सोबत पाली भाषेचा रोजचा वर्ग होता. पालीच्या तोंडी परीक्षेत ती एकदा तोंड न उघडताच परत आली होती. आता ही दुसरी आणि शेवटची संधी. नापास झाली तर प्रबंध राहिला आणि एम.ए.ही राहिलं.

"पालीला गणपती हाय, तितं शिकाय काय हाय गं?" चंद्राबाई टोमणा मारायच्या. छाया हसायची आणि पुस्तक घेऊन टेकडी चढायची.

प्रबंधासाठी तिने टेकडीवरचं लहानसं लेणं निवडलं होतं. एकच खोली, आत दगडी ओटा आणि ओट्यावर, कोणी वर्षानुवर्षं बसून झिजवावा तसा खळगा. मोजमापं झाली की ती उंबरठ्यावर बसून मोठ्याने पाठ म्हणायची. आत आवाज घुमायचा. सोबत असल्यासारखं वाटायचं.

"एको भिक्खु गुहायं वसति. न ततो..." एक भिक्खू गुहेत राहतो, तिथून तो... पुढचा शब्द नेमका इथेच दगा द्यायचा. "थांब, थांब," ती स्वतःलाच दटावायची.

एका सकाळी ती तशीच अडली, आणि घुमणारा आवाज पुढे गेला.

"निक्खमति."

तिने पुस्तकात पाहिलं. बरोबर होतं. तिथून तो बाहेर पडत नाही.

आत वटवाघूळसुद्धा नव्हतं. छाया उठून चार पावलं मागे सरली. मग तिला परीक्षा आठवली. तिने पदर खोचला आणि पुढचा पाठ काढला.

त्यानंतर ती जिथे अडेल तिथे आतून शब्द यायचा. सावकाश, न चिडता. असे मास्तर तिला शाळेत कधी लाभले नव्हते.

परीक्षेला समोरच्या बाई चकित झाल्या. "उच्चार कुणाकडे घोटून घेतलेत हो?"

"आहेत आमच्या शेजारी एक," छाया म्हणाली, आणि पास झाली.

चंद्राबाईंनी पेढ्यांचा पुडा तिच्या हातात ठेवला. "तुज्या त्या लेण्यात दोन ठेवून ये गं. कोन तरी असंलच की तितं."

ऊन चांगलं चढलं होतं. लेण्यापाशी येऊन छाया थबकली. उंबरठा रिकामा होता. त्या रिकाम्या उंबरठ्यावरून तिचाच आवाज येत होता.

"एको भिक्खु गुहायं वसति. न ततो..."

शांतता.

"थांब, थांब."

पुन्हा शांतता. कोणाची तरी वाट बघणारी.

छायाने मागे पायवाटेकडे पाहिलं. पण असं एका शब्दापाशी अडणं काय असतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तिने उंबरठा ओलांडला, आत गेली, ओट्यावर टेकली.

"निक्खमति," ती सावकाश म्हणाली.

खळगा तिच्या मापाचा होता. आणि कोमट होता, कोणी आत्ताच उठून गेल्यासारखा.