वीतभर अंतरावरून

"बसतंय तर नीट!" भिंग कॅमेऱ्यावर फिरवून घट्ट करत तो म्हणाला. "मग फोटो सगळे धुरकट का?"

मामाच्या दुकानात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या तिनं मान वर केली. समोर गणिताचा मास्तर उभा होता. बाहीला अजून खडू.

"आटे जुळतात हो. एकोणचाळीस मिलिमीटर, दोन्हीकडे. पण हे भिंग बिनआरशाच्या कॅमेऱ्याचं. तुमच्या कॅमेऱ्यात आरसा, म्हणून त्याचं पोट खोल. भिंग फिल्मपासून सोळा मिलिमीटर लांब पडतं. वीतभर अंतरावरचं तेवढं स्वच्छ दिसेल, पलीकडचं नाही."

"थोडं घासून घेतलं तर..."

"सोळा मिलिमीटर? मास्तर, तुम्हाला गणित कुणी शिकवलं?"

तो हसला... आणि हसू तोंडातच विरलं. भिंग धाकट्या भावाचं, त्यानं सांगितलं. अपघातात कॅमेऱ्याचा चुरा झाला, भाऊही गेला. गाडी मास्तर चालवत होता. आता आई अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले. धाकट्याच्या भिंगातून तिचा एक फोटो हवा होता.

"मग जवळ बसून काढा की."

"दोन वर्षं झाली... आई मला खोलीत येऊ देत नाही. दारातून काढले होते."

तिनं भिंग पुसून परत दिलं. मग म्हणाली, "मी येते बरोबर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच आधी आत गेली. "आई, भिंग तुमच्या धाकट्याचं आहे. लांबून काही दिसत नाही त्यातून. येऊ द्याल ह्यांना?"

म्हातारीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग तिनं पांघरूण ओढून कडेला थोडी जागा केली.

मास्तर बसला. भिंगात फक्त एक डोळा आणि सुरकुत्या मावत होत्या. कॅमेरा हलू लागला. तिनं मागून कोपर धरलं. "श्वास सोडा... आता दाबा."

"किती वाळलास रे," आई म्हणाली.

त्याला दाबताच येईना.

"दाब की. डोळे दुखतात माझे."

अकरा दिवसांनी आई गेली.

तो फोटो न्यायला आला तेव्हा तिनं त्या संध्याकाळचे सहा कागद समोर मांडले. एकच स्वच्छ आला होता. पापणी न् पापणी मोजावी असा. त्यानं तो उजेडाकडे धरला.

"माफ केलं म्हणाली नाही," तो म्हणाला. "पण रोज जवळ बसू दिलं."

त्यानं फोटो खाली ठेवला. मग म्हणाला, "तुम्ही कोपर धरलं नसतंत तर..."

"फोटो हलू नये म्हणून धरलं होतं."

"तेवढ्यासाठीच?"

"पहिल्या फोटोला..." तिचे कान तापले. "पुढच्या पाचांना — नाही."

तो कागद गोळा करत थांबला.

"उद्या येऊ?"

"उद्या दुकान बंद असतं."

"म्हणून तर विचारतोय."

तिनं पुसलेलं टेबल पुन्हा एकदा पुसलं.

"दहाला या," ती म्हणाली.