बाथरूमची लाइन

विश्वास ठेवा अथवा ठेवू नका. मामा थट्टेखोर आहे, पण विजेच्या बाबतीत त्याने कधी थट्टा केलेली नाही.

तेव्हा रात्र नव्हती. रविवारची भर दुपार होती. रस्त्यावर ऊन रणरणत होतं आणि आमच्या भाड्याच्या घरात मीटरची चकती फिरत होती...

सगळं बंद असताना.

मी तेव्हा नुकती बोलायला लागले होते. बाबा परगावी नोकरीला. हे घर आईला मामानेच शोधून दिलेलं, त्यामुळे तक्रारही त्याच्याकडेच गेली.

मामा इलेक्ट्रिशियन. व्होल्टेज दिसलं की ते करंटने भागल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. उत्तर येतं रेझिस्टन्सचं, ओहममध्ये; म्हणून घरात त्याचं नाव ओहममामा.

"फ्रिज चालू ठेवला असशील, वेंधळे," तो आल्या आल्या म्हणाला.

"प्लग काढून ठेवलाय, दादा. बघ की डोळे उघडून!"

मामाने बघितलं. खरंच सगळं बंद होतं. मग त्याने बोर्ड उघडला. डावा हात सवयीने खिशात. चालू बोर्डापाशी दोन्ही हात न्यायचे नाहीत, हा त्याचा नेम. मुख्य वायरला त्याने आपल्या हातातल्या छोट्या मीटरचा चिमटा लावला. त्यात वायर न कापता करंट कळतो.

०.२३ अँपिअर.

"दोनशे तीस व्होल्ट गुणिले पॉइंट तेवीस..." मामा पुटपुटला. "त्रेपन्न वॅट. काय चालतं गं तुझ्याकडे त्रेपन्न वॅटचं?"

"माझं डोकं," आई म्हणाली.

दोघंही हसले. त्या घरातलं ते शेवटचंच हसणं.

मामाने एकेक बटण पाडायला घेतलं. स्वयंपाकघर बंद. आकडा तोच. झोपायची खोली बंद. आकडा तोच. पुढची खोली बंद...

०.२३.

आता एकच बटण वर होतं. बाथरूमचं.

तो बाथरूममध्ये जाऊन आला. तिथला दिवा त्याने मघाशीच काढून ठेवला होता. जुन्या गिझरच्या जागी भिंतीवर नुसती झाकणपट्टी. ती त्याने उघडली. आत वायरची दोन टोकं, कापलेली, वर टेप गुंडाळलेली. कशालाच जोडलेली नव्हती.

झाकण लावून, दार ओढून घेऊन मामा बोर्डापाशी परतला.

"भिंतीत ओल असेल. ओलीतून करंट गळतो," तो म्हणाला. पण त्या भिंतीला टेकून आई मला रोज आंघोळ घालायची.

"ओल तर आहेच," आई म्हणाली. "कितीही पुसलं तरी त्या भिंतीखालची फरशी ओलीच. कुणी नुकतंच अंगावर पाणी घेतल्यासारखी."

मामा आकड्याकडे बघत होता.

आकडा हलत होता... जरा खाली... पुन्हा वर... पुन्हा खाली...

भिंतीतली ओल अशी हिसके देत नाही.

मामाने सवयीने भागाकार केला. दोनशे तीस भागिले पॉइंट तेवीस.

एक हजार ओहम.

हा आकडा त्याला पाठ होता. काम शिकताना पहिल्याच आठवड्यात घोकून घेतलेला. अंग ओलं असेल, तर माणसाच्या शरीराचा रेझिस्टन्स साधारण एवढाच धरतात.

एक हजार ओहम.

मामाने घरातली माणसं मोजली. आई त्याच्या शेजारी उभी होती. मी आईच्या कडेवर. घरात चौथं कुणी नव्हतं.

तरी त्या लाइनला कुणीतरी चिकटलेलं होतं.

त्याने खिशातला हात काढला आणि झटक्यात ते शेवटचं बटण पाडलं.

मीटरवर शून्य आलं.

आणि बंद दाराआडून...

धप्प!

अंगाचं अख्खं ओझं फरशीवर पडावं तसा आवाज.

मामाने दार उघडलं. आत कुणीच नव्हतं. बादली जागच्या जागी, मगही जागचा हललेला नव्हता. काहीच पडलेलं नव्हतं.

आई सांगते, मी फरशीकडे बोट करून विचारलं, "कोण पडलं?"

मामाने ती लाइन बोर्डातूनच तोडून टाकली आणि संध्याकाळी आम्हा दोघींना आपल्या घरी नेलं. त्या घरात आम्ही पुन्हा राहिलो नाही. तिथे आधी कोण राहत होतं, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

त्या रात्री मामा जेवला नाही. आईने समजूत घातली, "अरे, तू तर त्याची सुटका केलीस."

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुणी चिकटलं की आधी मेन स्विच पाडायचा, मग बाकीचं. मी पोराटोरांना हेच शिकवतो गं. आणि तो तिथे हिसके देत होता, तेव्हा मी भागाकार करत उभा होतो."

आजही मामाने कुठलाही मेन पाडला की तो लगेच कामाला हात घालत नाही. आधी कान देतो. मग हळूच विचारतो, "काही पडलं का?"

आम्ही "नाही" म्हटल्यावरच तो पकड हातात घेतो.

परवा तो आमच्या नव्या घराचा बोर्ड बदलायला आला होता. मेन पाडून त्याने नेहमीसारखं विचारलं.

आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे.

या वेळी कुणीच "नाही" म्हणालं नाही.