वरच्या चरातली पोरं

मे महिना लागला तशी विचुंब्याची मनिषा लेकीला घेऊन पनवेलच्या बाजारात गेली आणि तिनं एक कापडी टोपी, दोन टॉवेल आणि हातमोजे घेतले. समीक्षाला नेऱ्याच्या पुढे, डोंगराखालच्या श्रमशिबिराला पाठवायचं ठरलं होतं. दहा दिवस उतारावर पाणी अडवायला चर खणायचे, पहाटे उठायचं, मोबाइल बंद.

"दादाला बघ तुझ्या," मनिषा म्हणाली. "केवढा फायदा झाला त्याला."

तो फायदा सगळ्या आळीनं पाहिला होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत दीपेश घरात धड बोलत नसे. बाइकसाठी त्यानं टीव्ही फोडला होता, बापाच्या अंगावर धावून गेला होता. शिबिरातून आला तो निराळाच. पाचला उठायचा, अंथरुणाची घडी घालायचा, विचारलं तेवढंच बोलायचा. पूर्वी 'आये' म्हणून हाक मारणारा पोरगा 'आई' म्हणायला लागला. समीक्षाला तेवढं एक खटकायचं. यंदा तीच उलट बोलायला लागली, क्लास बुडवायला लागली, तेव्हा हरेशनं, तिच्या बापानं, तिला न विचारताच फॉर्म भरला.

खरं म्हणजे शिबिर तिला आवडलंही. हाताला फोड आले, पण भूक लागायला लागली, झोप गाढ यायला लागली. शिबिर चालवणारे काशिराम सर कधी आवाज चढवत नसत. आठ दिवस कसे गेले ते कळलं नाही.

नवव्या दिवशी भर दुपारी त्यांनी तिच्या हातात पाण्याचा कॅन दिला. "वरच्या चरात पोरं आहेत. त्यांना देऊन ये."

वर कुणी काम करतं हे तिला ठाऊक नव्हतं. ती चढत गेली. पानसुद्धा हलत नव्हतं. पायाखालची माती भाजत होती, आणि तरी वरून ओल्या चिखलाचा वास येत होता... बंद खोलीसारखा, कुबट. मग कुदळींचा आवाज आला. कितीतरी कुदळी, पण सगळ्यांचा घाव एकाच वेळी पडत होता.

चर छातीइतका खोल होता. आत पंधरा-वीस मुलं-मुली माना खाली घालून खणत होती. अंगात शिबिराचेच टी-शर्ट, विटलेले, पाठीवर जुनी सालं छापलेली. जवळच्या पोरानं पाण्यासाठी हात वर केला आणि मान उचलली.

तो दीपेश होता. दोन वर्षांपूर्वी गेला तेव्हा होता तेवढाच.

"समू..." त्याचा आवाज बसला होता. "आये बरी हाय?"

"दादा, तू... तू तर घरी आहेस."

"तो कोन हाय, मना नाय ठाऊक," तो म्हणाला. "आज कितवा दिस तुझा?"

"नववा."

त्यानं डोळे मिटले. कुदळी पुन्हा एकदम पडल्या.

ती धडपडत खाली आली. स्वयंपाकाच्या शेडमध्ये चंद्रावती भाकऱ्या थापत होती. तिनं पोरीचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता कमरेचा फोन पुढे केला. "लवकर आटप, बाय."

आईनं दुसऱ्याच रिंगला उचलला. समीक्षानं रडत रडत सगळं सांगितलं.

"आई, ऐकतेस ना? दादा इथं आहे."

"जेवतो का गं तो नीट?" मनिषानं हळूच विचारलं.

"तुला... माहीत होतं?"

"शिबिरातनं आनला, त्याच राती कललं आमाला. आयशीला कलत नाय का?"

"मग त्याला न्यायला का नाही आलात?"

"दोघांना कसं ठेवायचं घरात?" मनिषा म्हणाली. "आनि हा... हा किती गुनाचा हाय."

"आणि मी?"

फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाटकापर्यंत पळत गेली. उंबऱ्यासारखा एक दगड आडवा होता. त्याच्या पलीकडे पाऊल टाकायला गेली तर पाय उचलेना. सबंध सकाळ ती तिथंच झगडत राहिली. बाकीची पोरं एकेक करून आईबापांबरोबर तिच्या शेजारून निघून गेली. कुणी वळून पाहिलं नाही.

दुपारी बापाची पांढरी गाडी आली. हरेश उतरला. काशिराम सर आतून एका मुलीला घेऊन आले. समीक्षाचाच चेहरा, तिचेच कपडे, केस चापूनचोपून बांधलेले. हरेशनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मागचं दार उघडलं.

"पप्पा," समीक्षा म्हणाली. "पप्पा, मी इकडे आहे."

हरेश थांबला. त्यानं सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं, ओळखीनं. मग मान खाली घातली आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला.

गाडी वळली. मागच्या काचेशी ती दुसरी दिसली. दोन्ही तळवे काचेवर आपटत होती. तोंड वेडंवाकडं झालं होतं, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. काच बंद होती, पण ओठांवरून शब्द स्पष्ट वाचता येत होते.

"मला त्या घरी पाठवू नका... तो दीपेश आहे तिथं."