चाळिसाव्याचा गहू

सासूबाईंनी पहाटेच गहू उकडला. समुद्रकाठच्या दोब्रुजा प्रांतात माणूस गेला की चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावाने गहू उकडतात, साखर-अक्रोड घालतात आणि चर्चमध्ये चमचा चमचा वाटतात. पण आपला नवरा रादको गेला हे नेदाला मान्यच नव्हतं. त्याची होडी समुद्रात सापडली होती, तो सापडला नव्हता. "तू नाही म्हणालीस म्हणून तो येणार आहे का?" सासूबाई म्हणाल्या.

नेदा बियाण्यांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दाणा उभा चिरून टेट्राझोलियमच्या पाण्यात टाकायचा. जिवंत कोंबातल्या विकरांचं काम चालू असलं की त्याला लाल रंग चढतो, मेलेला पांढरा राहतो. ताडून बघायला शेजारी उकडलेले, म्हणजे नक्की मेलेले, दाणेही ठेवतात. त्या सकाळी वेगळे दाणे उकडणं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिने साखर पडायच्या आधीच घरच्या पातेल्यातला मूठभर गहू उचलून नेला. उकडलेला गहू इथूनतिथून सारखाच, असं तिला वाटलं.

दहाच्या सुमाराला तिने बशी उजेडात धरली. शेतकऱ्याचं बियाणं थोडं लाल, थोडं पांढरं होतं. उकडलेले दाणे मात्र झाडून सगळे लाल झाले होते.

शेजारच्या टेबलावरच्या गांचोने भिंग लावलं. सालं फुटलेली, गाभा मऊ. "हे तर उकडलेलेच आहेत. द्रावणात काहीतरी चुकलंय तुझ्या, नेदा. झोपतेस तरी का?"

त्याने स्वतः थोडे दाणे उकडले आणि तिच्या घरच्या गव्हाशेजारी रंगाला लावले. तासाभराने त्याचे पांढरे होते, घरचे पुन्हा लाल.

त्याच्या नावाचा गहू जिवंत, म्हणजे रादको जिवंत आहे, एवढंच नेदाच्या डोक्यात बसलं. ती धावत सुटली.

चर्चमध्ये प्रार्थना उरकली होती. लोक ताटातला गहू चमच्याने घेत होते.

"आई, खाऊ देऊ नका कुणाला. तो जिवंत आहे."

"कुणी सांगितलं?"

"गव्हाने."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सासूबाईंनी तिचा चेहरा ओंजळीत धरला. "खा, पोरी. तू धरून ठेवलंयस म्हणून तो अडकलाय. सोड त्याला."

नेदाला स्वतःचीच लाज वाटली. एवढी शिकलेली बाई, आणि बशीतल्या रंगाच्या नादी लागून सगळ्यांच्यात हसं करून घेतलं. तिने चमचा तोंडात घेतला. गहू गोड होता. तिने तो गिळला.

दुपारी ताटातला उरलेला गहू तिने प्रयोगशाळेत नेला, साखर धुतली, दाणे चिरले, द्रावणात टाकले.

ते पांढरेच राहिले.

गांचो दारात आला. कोळ्यांना किनाऱ्यालगतच्या लव्हाळ्यात रादकोचा मृतदेह सापडला होता.

नेदाने बशीवरची नजर काढली नाही. "ओळखू तरी येतोय का? इतके दिवस पाण्यात..."

गांचो टोपी हातात चुरगाळत राहिला.

"अंग अजून गरम आहे त्याचं," तो म्हणाला.