अडगळीतला ट्रॅक

जेवणाच्या टेबलाला स्टीअरिंग बसवून निरुपमा कारखानीस रोज सकाळी कामाला लागायच्या. 'भिंगरी' या ऑनलाइन शर्यतीच्या खेळात लोक स्वतः ट्रॅक रचून पाठवत. त्या ट्रॅकांना नावं देणं आणि त्यांची सूची सांभाळणं, हे निरुपमाबाईंचं काम. पगार शून्य, रुबाब मात्र कलेक्टरचा. भिंगरीकरांचा दंडकच होता की सूचीकाराने नवा ट्रॅक स्वतः चालवून शेवटपर्यंत नेल्याशिवाय त्याला नाव द्यायचं नाही. पसंत पडला तर नाव, नाहीतर अडगळ. अडगळीतला ट्रॅक पुन्हा कुणा खेळाडूला दिसत नसे.

नवरा गेल्यावर घर खायला उठायचं, ते या कामामुळे निभावलं. देशोदेशीचे लोक ट्रॅक पाठवायचे, नाव मिळालं की आभार मानायचे. ही आपली माणसं, असं त्या शेजारणींना सांगत आणि शेजारणी विषय बदलत.

हल्ली ट्रॅक एकमेकांसारखे वाटू लागले, तेव्हा कुणीतरी नकला करतंय अशी शंका येऊन त्यांनी तौसीफ मुल्लाला गळ घातली. तौसीफ सांगलीचा, खेळाचा जुना प्रोग्रॅमर. त्याने 'वळणठसा' नावाची तपासणी लिहिली. वळण कुठे धरायचं, किती ताणायचं, कुठे सोडायचं ही ज्याची त्याची सवय असते, हस्ताक्षरासारखी. ती रचण्यातही उतरते आणि गाडी चालवण्यातही.

निकाल सांगायला त्याने फोन केला आणि बराच वेळ हवापाण्याचंच बोलत राहिला.

"ताई, गेल्या कित्येक वर्षांत नाव मिळालेल्या सगळ्या ट्रॅकांवर एकच ठसा आहे," शेवटी तो म्हणाला. "तुमचा."

निरुपमाबाईंनी जन्मात एकही ट्रॅक रचला नव्हता. मग तौसीफने उलगडून सांगितलं. खेळाडू घटले तेव्हा कंपनीने गुपचूप आपोआप ट्रॅक रचणारं एक रचनायंत्र खेळात सोडलं होतं. नाना नावांनी ते ट्रॅक पाठवायचं, आभारही तेच मानायचं. ज्या ट्रॅकला नाव मिळेल, तसाच पुढचा रचायचा, एवढंच त्याला शिकवलेलं. नावं देणारी बाई एकच, तेव्हा तिच्या हाताला जे सोपं जाईल तेच ते शिकत गेलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी एकटीच होते," त्या म्हणाल्या. शेजारणींना काय काय सांगितलं ते आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण सूचीकाराचं डोकं स्वस्थ बसेना. "आणि ज्यांच्यावर माझा ठसा नाही, ते ट्रॅक?"

"ते माणसांचे. सगळे अडगळीत आहेत, ताई."

त्यांनी अडगळ उघडली. 'वळण ओबडधोबड', 'रस्ता मध्येच आखडतो', शेरे सगळे त्यांचेच. बहुतेकांनी एकदा पाठवून नाद सोडला होता. एकाने मात्र प्रत्येक शेऱ्यानंतर वळणं दुरुस्त करून तोच ट्रॅक पुन्हा पुन्हा पाठवला होता. शेवटच्या खेपेला त्याने लिहिलं होतं, 'आता तरी जमलंय का?' त्यानंतर तो खेळात आलाच नव्हता.

निरुपमाबाईंनी तो ट्रॅक लावला. पहिल्याच वळणावर गाडी कठड्यावर आदळली. दुसऱ्या खेपेला त्याच्या थोडी पुढे गेली आणि उलटली. त्यांच्या हाताला त्यातलं काहीच ओळखीचं नव्हतं. शेवटपर्यंत पोचल्याशिवाय नाव देता येणार नव्हतं, दंडकच तसा होता. त्यांनी गाडी पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर आणली.