पुठ्ठ्याचा वारा

जिन्यात तो मला धडकला, म्हणजे त्याच्या हातातलं नव्या पंख्याचं खोकं धडकलं. मी वरच्या मजल्यावरचं काम उरकून उतरत होते. पोटात कावळे ओरडत होते आणि घरी जाऊन आडवं व्हायचं, एवढीच इच्छा उरली होती.

"सॉरी... इथे कुणी वायरमन मिळेल का हो?"

"मिळालाय."

त्यानं माझ्या खांद्यावरची हत्यारांची पिशवी पाहिली. 'बाई?' असं काही म्हणाला नाही. जांभई दाबत म्हणाला, "देव पावला! मी नर्स आहे, रात्रपाळीचा. दिवसा झोपायचं म्हटलं तर खोलीची भट्टी झालेली असते."

मला नाही म्हणायचं होतं. पण त्याच्या डोळ्यांखालची ती काळी वर्तुळं... तसली मी रोज आरशात बघते.

त्याच्या खोलीत जाऊन जुना पंखा उतरवला. रेग्युलेटर काढून टाकला. रिमोटच्या पंख्याला तो लागत नाही. भिंतीवरचं बटण तेवढं ठेवलं. तो स्टुलावर उभा राहून नवा पंखा पेलत होता, मी शिडीवरून वायरी जोडत होते. दोघांचे चेहरे वीतभर अंतरावर — बघायचं तरी कुठे?

"रिमोट आहे, मग बटण कशाला?" त्यानं विचारलं.

"बटण म्हणजे घरातलं मोठं माणूस. ते हो म्हणालं, तरच रिमोटचं काही चालतं."

"तुमच्या घरी कोण आहे मोठं?"

"मावशी. आज संध्याकाळी तिला होकार कळवायचाय. एक दुकानदार आहे. म्हणतो, काम सोड, आरामात घरी बस."

"आवडतो तुम्हाला?"

"मला बसायला आवडतं."

खरंच तेवढंच होतं. इतकी दमले होते की, एखाद्या खुर्चीनं मागणी घातली असती तरी हो म्हणाले असते.

तो हसला नाही. पंखा मात्र हलला.

"अहो, नीट धरा!"

पंखा सुरू झाला, तसा तो पलंगावर टेकला आणि रिमोट मुठीत धरूनच झोपला. मी हत्यारं भरायला भिंतीला टेकून खाली बसले... पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावत.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि पंखा बंद होता. जोडणी चुकली की काय? मग भिंतीकडे लक्ष गेलं. बटणच बंद होतं. तो पलंगावर घामानं निथळत, पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून वारा घेत बसला होता.

"हे काय?"

"तुम्ही झोपेत दोनदा शिंकलात. अंगावर घाम आणि वर पंखा..."

"रिमोट हातात होता की! उठून भिंतीपर्यंत कशाला गेलात?"

"तो दाबला की 'टूं' करतो," तो ओशाळला. "तुम्हाला जाग आली असती."

माझे डोळे भरून आले. 'घरी बस' म्हणणारा एक भेटला होता. मला झोपू देणारा हा पहिलाच. आवडला मला तो, अगदी पुठ्ठ्यासकट.

मी उठून बटण लावलं. "रात्री ड्यूटी आहे ना? झोपा आता. मुकाट्यानं."

त्यानं लगेच डोळे मिटले. मी तिथूनच मावशीला फोन लावला. "मावशी, त्यांना नाही म्हणून सांग."

"अगं, पण का? झालं काय?" मावशीचा आवाज चढला.

"घरी येऊन सांगते. आणि हळू बोल गं... इथे माझं माणूस झोपलंय."

झोपलेलं माणूस डोळे घट्ट मिटून, तोंडभर हसत होतं.